शरदातले उपक्रम, शाळेचे वार्तापत्र आणि रंगवलेली दोन पाने

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शरद ऋतू लागला की प्राथमिक शाळांमध्ये उपक्रमांची एकच झुंबड उडते. पाने गोळा करणे, निसर्गफेरी, पुस्तक सप्ताह, हात धुण्याचे प्रात्यक्षिक, पालकसभा, आजी-आजोबांची भेट, आणि या सर्वांची छायाचित्रे असलेले शाळेचे वार्तापत्र. त्यांतल्या निवडक बातम्या आपल्या दैनिकाच्या शालेय पानावरही येतात आणि मी त्या आवडीने वाचते. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे शाळेचे वार्तापत्र जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे अशी बातमी वाचताना तिच्यात काय राहून गेले आहे याकडे माझे लक्ष आधी जाते. ‘शरद ऋतूचे स्वागत उत्साहात’ या मथळ्याखाली प्रमुख पाहुण्यांचे नाव असते, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले हे असते. मुलांनी त्या दिवशी काय पाहिले, हे मात्र नसते. शरदातले उपक्रम एका दिवसाच्या प्रदर्शनासाठी न करता पुष्कळ आठवडे चालणाऱ्या नोंदींसाठी करावेत, आणि शाळेच्या वार्तापत्राने त्या नोंदी मुलांच्याच शब्दांत घरोघर पोहोचवाव्यात, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

आधी माझीच एक चूक सांगते. एका वर्षी ‘उद्या येताना तीन वेगवेगळ्या रंगांची पाने आणावीत’ अशी सूचना मी पालकांना संध्याकाळी उशिरा पाठवली. दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीने आणलेली तिन्ही पाने एकाच झाडाची होती. एक हिरवे होते आणि उरलेली दोन जलरंगाने रंगवलेली, एक पिवळे आणि एक लाल. “रात्री अंधारात पिवळे पान सापडले नाही, म्हणून बाबांनी करून दिले,” असे तिने अगदी सरळपणे सांगितले. फलकावर ती पाने इतरांपेक्षा इतकी उठून दिसली की पाहुण्यांनी नेमके त्यांचेच कौतुक केले, आणि वार्तापत्रात छायाचित्रही त्यांचेच छापले गेले. ते छापण्याचा निर्णय माझा होता. त्या बापाला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. कामावरून परतल्यावर हाती पडलेली सूचना पाळण्याचा त्याच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. दोष सूचनेचा होता, कारण तिने मुलीकडून निरीक्षण मागितलेच नव्हते, वस्तू मागितली होती, आणि वस्तू घरी बनवता येते.

त्याच पानांबद्दल खरे काय विचारता आले असते, याचा विचार मी पुढे बराच केला. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार झाली की पानझडी झाडे हे हरितद्रव्य नव्याने बनवणे थांबवतात, असलेले मोडू लागते, आणि इतके दिवस हिरव्याखाली झाकून गेलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणजे पिवळा रंग शरदात येत नाही, तो उन्हाळाभर तिथेच असतो. लाल रंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे: तो बहुतेक झाडांत याच दिवसांत, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून, नव्याने तयार होतो. पुढे देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान तिथून सुटते. वाऱ्याने पान गळते असे आपण म्हणतो, पण वारा केवळ निमित्त असतो; सुटण्याची तयारी झाडाने आधीच करून ठेवलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला हे सारे शब्द सांगण्याची गरज नाही. एकच फांदी दोरीने खूण करून ठेवावी आणि दर सोमवारी तिच्यावरची हिरवी, पिवळी आणि गळलेली पाने मोजून वहीत तीन आकडे लिहावेत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मूल स्वतःहून विचारते की पिवळा रंग आला कुठून, आणि तो प्रश्न विचारल्यावर मिळालेले उत्तर ते विसरत नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. शरदाच्या उपक्रमांचे बहुतेक आयते नमुने थंड प्रदेशांतल्या शाळांसाठी बनलेले असतात. त्यांत पाने तांबडी-केशरी होतात, खारी बिया साठवतात आणि मुले पानांच्या ढिगाऱ्यात उड्या मारतात. जिथे वर्षभर झाडे हिरवी राहतात, किंवा पाने थंडीपेक्षा कोरड्या हवेमुळे आणि वेगळ्याच महिन्यांत गळतात, तिथल्या शाळाही तेच नमुने उतरवून घेतात, मग केशरी कागदाची पाने कापून खिडकीला चिकटवली जातात, आणि खिडकीबाहेरचे झाड त्यांच्याकडे हिरवेगार पाहत राहते. आपल्या भाषेत तर पानगळ शिशिराची मानली जाते आणि शरद म्हणजे निवळलेले पाणी, निरभ्र आकाश आणि स्वच्छ चांदणे. मग शरदाचा उपक्रम पानगळीचाच असला पाहिजे, हे कोणी ठरवले? खिडकीबाहेर जे घडते आहे तेच वर्गाने पाहावे. पाने गळत नसतील तर ‘या महिन्यात पाने गळली नाहीत’ हीसुद्धा पूर्ण प्रतिष्ठेची नोंद आहे.

पाने सगळीकडे सारखी नसतात, सावली मात्र सगळीकडे पडते. म्हणून मला कोणी शरदासाठी एकच उपक्रम सुचवायला सांगितला, तर मी मैदानात रोवलेली एक सरळ काठी सुचवीन. उत्तर गोलार्धात शरदातला विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ समान असण्याचा दिवस, २२ किंवा २३ सप्टेंबरला येतो. दक्षिण गोलार्धातला शरद २० किंवा २१ मार्चच्या सुमारास सुरू होतो. विषुवदिनी सकाळपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, तर त्या खुणा जवळजवळ एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. दिशा ओळखण्यासाठी होकायंत्र लागत नाही, हे मुलांना त्या दिवशी जमिनीवर उमटलेले दिसते. एक महिन्याने पुन्हा खुणा केल्या की रेषा वाकलेली निघते. शिवाय सूर्य आकाशात सर्वांत वर असतानाची सावली दर आठवड्याला मोजली, तर विषुवदिनानंतर ती डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत वाढतच जाते, आणि उत्तर गोलार्धातल्या कोणत्याही शाळेत हेच दिसते. या वाढीमागे पृथ्वीच्या आसाचा सुमारे साडेतेवीस अंशांचा कल आहे, हे पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी मुलांच्या वहीत पट्टीने मोजलेले दहा-बारा आकडे जमलेले असतील, तर पुस्तकातले ते वाक्य त्यांना ओळखीचे वाटेल.

या उपक्रमाला आपल्या दैनिकाचीही मदत होऊ शकते. वृत्तपत्रात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापल्या जातात. चौथीच्या मुलांना त्यांची वजाबाकी येते. विषुवदिनी दिवस आणि रात्र समान असतात असे आपण सर्वांनीच शिकवले आहे, पण मुले प्रामाणिकपणे वजाबाकी करतात तेव्हा दिवस बारा तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा निघतो. माझ्या वर्गात तो निघाला तेव्हा वृत्तपत्रात छपाईची चूक असावी असे मी म्हणून बसले. (ती चूक नव्हती, हे मला घरी गेल्यावर वाचून कळले, आपल्या दैनिकाची उशिराने क्षमा मागते.) सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसताच सूर्योदय धरला जातो आणि ती कड दिसेनाशी झाल्यावरच सूर्यास्त, त्यातच वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाही आपल्याला दिसतो. म्हणून खरोखरची समसमान दिवस-रात्र काही दिवस पुढे येते. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली. त्या आठवड्याच्या वार्तापत्रात ही गोष्ट यायला हवी होती, पण आली नाही, कारण आम्ही त्या अंकात वक्तृत्व स्पर्धेचा निकाल छापला.

पक्ष्यांचेही असेच. वर्गाच्या भिंतीवर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा तक्ता असतो आणि वर्षभर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉडविट जातीचा अवघ्या पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्कातून निघाला आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोहोचला. त्याच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे एक लहानसे यंत्र बसवलेले होते, म्हणून हा प्रवास कळला. तिसरीच्या वर्गाने नकाशावर दोरा ताणून तो मार्ग लावावा, रोज सरासरी किती अंतर पडले याचा भागाकार करावा, आणि मग एवढेच लक्षात घ्यावे की तो पक्षी शरदात निघाला आणि वसंतात उतरला. एकाच तारखेला दोन गोलार्धांत दोन ऋतू असतात हे याहून सोपे करून मला तरी सांगता येणार नाही.

अशा कामाला आठवडे लागतात, आणि शाळेकडे नेमके तेच नसतात. ४ ते १० ऑक्टोबर जागतिक अंतराळ सप्ताह, ५ ऑक्टोबर जागतिक शिक्षक दिन, १५ ऑक्टोबर जागतिक हात धुण्याचा दिवस, १६ ऑक्टोबर जागतिक अन्न दिन, २० नोव्हेंबर जागतिक बालदिन. प्रत्येक दिनाला एक फलक, एक भाषण, एक सामूहिक छायाचित्र आणि वर पाठवायचा एक अहवाल. यांपैकी एकही दिवस निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. हवा बदलताना सर्दी-खोकला पसरतो, तेव्हा साबणाने वीस सेकंद हात धुण्याची सवय लावणे फार मोलाचे आहे. पण सवय एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाने लागत नाही. नळाजवळ साबण संपल्याची नोंद ठेवणारी दोन मुले वर्षभर नेमली तर लागते. शाळेने यांतले एक-दोन विषय निवडावेत, ते शेवटपर्यंत न्यावेत आणि बाकीच्यांचा परिपाठात उल्लेख करून पुढे जावे, असे माझे मत आहे. अहवाल मागणाऱ्यांनीही किती दिन साजरे झाले हे विचारण्याऐवजी एखाद्या वर्गाची नोंदवही मागवून पाहावी.

आता वार्तापत्राकडे येते. शाळेची बातमी मुलांनी लिहावी ही कल्पना नवी नाही. सेलेस्टँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२० च्या दशकात आपल्या लहानशा शाळेत छपाईचे यंत्र आणले. मुले फेरीवर जात, परत येऊन पाहिलेले लिहीत, वर्ग मिळून मजकूर निवडत आणि दुरुस्त करत असे, मग मुले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून तो स्वतः छापत, आणि छापलेली पाने दुसऱ्या भागातल्या शाळेला पाठवली जात. समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्रकाठच्या मुलांची पत्रे येऊ लागली. आज आपल्याला खिळे जुळवावे लागत नाहीत, एक फोन पुरतो. तरीही वार्तापत्र मोठी माणसेच मोठ्या माणसांच्या भाषेत लिहितात. मुलांनी लिहिलेला अंक अशुद्ध दिसेल, शाळेची शोभा होईल, ही भीती मी स्वतः बाळगली आहे. पण ‘आज काठीची सावली माझ्या दप्तराएवढी होती’ या वाक्यात शुद्धलेखनाची एखादी चूक राहिली तरी त्यातून पालकाला जेवढे कळते, तेवढे ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदवला’ या निर्दोष वाक्यातून कळत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत आपले मत मांडण्याचा हक्क आहे. त्याच संहितेचे सोळावे कलम मुलाच्या खासगीपणाचे रक्षण करते, आणि बक्षीस घेणाऱ्या मुलांची पूर्ण नावे, वर्ग, तुकडी आणि चेहरे सर्वांसाठी खुले करणाऱ्या वार्तापत्रांनी ते कलमही एकदा वाचावे. नोंदीखाली नुसते ‘चौथीतील एक मुलगा’ लिहिले तरी त्या मुलाच्या घरी ती नोंद कोणाची हे बरोबर कळते.

वार्तापत्राचे दुसरे काम सूचना देण्याचे आहे आणि ते आपण सर्वांत वाईट करतो. रात्री व्हॉट्सॲपवर येणारी ‘उद्या आणावे’ ही सूचना कामाच्या पाळीवर असलेल्या आईपर्यंत सकाळी पोहोचते, आणि ज्या घरात एकच फोन आहे व तो वडिलांबरोबर कामावर जातो, तिथे पोहोचतच नाही. मूल हात हलवत शाळेत येते आणि निष्काळजी ठरते. घरातून काही मागवायचे असेल तर किमान एक आठवडा आधी सांगावे, विकत घ्यावे लागेल असे काही मागू नये, आणि जे मूल काही आणणार नाही त्याच्यासाठी वर्गात आधीच तयारी ठेवावी. पालकसभेच्या वेळाही दोन असाव्यात, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. ज्या पालकांना वाचता येत नाही, किंवा शाळेची भाषा येत नाही, त्यांच्यासाठी वार्तापत्र मुलाने घरी मोठ्याने वाचून दाखवावे. तोच त्या दिवसाचा गृहपाठ समजावा. पण मुलाला मोठ्याने वाचता येईल असे ते लिहिलेले हवे, आणि मग आपली ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘संपन्न’ आपोआप गळून पडतात.

समाजाची बातमी म्हणजे शाळेला कोणी काय देणगी दिली, एवढाच अर्थ आपण करून ठेवला आहे. शरदात दिवस लहान होतात, शाळेत येण्याजाण्याच्या वेळा संधिप्रकाशात जाऊ लागतात. तेव्हा एका वाटेवरची आठ-दहा मुले दोन मोठ्या माणसांबरोबर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या थांब्यांवरून, फिक्या रंगाचे कपडे घालून एकत्र चालत येतात, अशी ‘चालती बस’ अनेक देशांत चालवली जाते. तिला इंधन लागत नाही, पण रोज कोण चालणार याचे वेळापत्रक लागते, आणि ते वेळापत्रक ही वार्तापत्राची पहिल्या पानाची बातमी आहे. ग्रंथालयात कोणते पुस्तक परत आलेले नाही आणि किती मुले त्यासाठी थांबली आहेत, सापडलेल्या वस्तूंच्या पेटीत किती पाण्याच्या बाटल्या पडून आहेत, कोणत्या वर्गाला काठी रोवायला मदत हवी आहे, शेजारच्या कोणत्या आजींना पूर्वी या मैदानावर कोणती झाडे होती हे आठवते, या बातम्या वाचून कोणीतरी उठून शाळेत येते. देणगीची बातमी वाचून कोणी येताना मी पाहिलेले नाही.

हे सगळे करणारे शिक्षक आज नाहीत असे नाही. त्यांच्या वर्गात गेले तर भिंतीवर सुबक तक्ते कमी आणि वह्यांत आकडे जास्त दिसतात, आणि अशा वर्गांची छायाचित्रे चांगली येत नाहीत. म्हणूनच आपल्याला एक विनंती आहे. शालेय पानावर पाहुण्यांसह काढलेल्या छायाचित्रांची जागा थोडी कमी करून, विषुवदिनापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत, आठवड्यातून एकदा, एखाद्या प्राथमिक शाळेने मोजलेली मध्यान्हीची सावली छापावी: काठीची उंची, सावलीची लांबी, मोजण्याची वेळ, आणि मोजणाऱ्या वर्गाचे एखादे वाक्य. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांशेजारी तेवढी जागा सहज निघेल. आकडा चुकला तर दुसरी एखादी शाळा पत्र लिहून तो दुरुस्त करील, आणि तेही पत्र आपण छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका